एका चेहऱ्याच्या दोघी

"म्हणजे काय गं, मी एकटीच आहे असं म्हणतायत का हे लोक?"

धाकटी मावशी नोटीस हातभर लांब धरून वाचत होती. मग तिनं तो कागद माझ्या मांडीवर टाकला. "वाच गं भोंग्या. तुझा आवाज कधीतरी घराच्या कामी येऊ दे."

भोंगा म्हणजे मी. हे नाव दोन्ही मावश्यांनी एकमतानं ठेवलंय, आणि त्यांचं एकमत झाल्याची ही बहुधा एकमेव नोंद असेल.

मी खणखणीत आवाजात वाचलं. निवडणूक कचेरीनं नवं यंत्र आणलं होतं. ते मतदारांच्या फोटोंतले चेहरे एकमेकांशी ताडून बघतं आणि एकाच माणसाचं नाव यादीत दोनदा असेल तर पकडतं. आमच्या वस्तीच्या यादीत त्याला दोन नावांपुढे एकच चेहरा सापडला होता. पत्ताही एकच. सबब, संबंधित मतदारानं शुक्रवारी कागदपत्रांसह हजर राहून खुलासा करावा, अन्यथा दोन्ही नावं कमी करण्यात येतील.

"दोन्ही?"

"दोन्ही."

"घ्या! गेलेलीचं पण आणि असलेलीचं पण."

थोरली आणि धाकटी या माझ्या आईच्या मोठ्या बहिणी. जुळ्या. थोरली काही मिनिटांनीच मोठी होती, पण तिचा रुबाब बघून वाटायचं मध्ये दहा वर्षं गेली असावीत. दोघींनी लग्न केलं नाही. आमच्या खोलीला लागूनच त्यांची खोली, आणि दोघी मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला. गेल्या थंडीत तापाचं निमित्त झालं आणि थोरली गेली. तेव्हापासून पलीकडच्या खोलीतून भांडणाचे आवाज येत नाहीत, आणि भिंतीअलीकडे आम्हाला झोप लागत नाही.

"मावशी, यात घाबरायचं काय?" मी म्हटलं. "तुम्ही जुळ्या. यंत्राला काय कळतंय जुळं-तिळं! तू जायचंस, थोरलीचा मृत्यूचा दाखला दाखवायचास, झालं."

मावशीनं आईकडे बघितलं. आई भांडी विसळत होती. तिनं नळ बंद केला.

"ताई, हिला सांगू नकोस. उद्या शाळाभर भोंगा वाजेल."

आता असं म्हटल्यावर मी सोडते होय?

"फार पूर्वीची गोष्ट गं," मावशी म्हणाली. "कार्डांचे फोटो काढायला माणसं आली होती. एकच दिवस. आणि इस्पितळात तेव्हा साथ. चादरींचे नुसते डोंगर! मुकादमीण म्हणाली, एकीला सोडते, दोघींना नाही. मग अक्का गेली, तुझी थोरली."

"बरं. मग?"

"मग काय, दोनदा बसली. आधी स्वतःच्या नावानं. मग बाहेर येऊन माझा स्वेटर घातला, भांग बाजूला पाडला आणि परत रांगेत. फोटोवाला म्हणतो, बाई, आत्ताच बसला होतात ना? ही म्हणते, ती माझी बहीण, आम्ही जुळ्या आहोत." मावशीच्या गालावर हसू फुटलं. "खोटं काय बोलली सांग?"

"मावशी! हा गुन्हा आहे!"

"हळू!" आई म्हणाली. "खिडकी सताड उघडी आहे."

मी हळू कशी बोलणार? शनिवारी शाळेत वादविवाद होता. विषय, 'ओळख पटल्याशिवाय मत नाही'. मी अनुकूल बाजूनं. आठवडाभर मी आरशासमोर मुठी आवळत होते. 'एक खोटं मत म्हणजे एका खऱ्या मताचा खून!' या वाक्यावर तर मी टेबलावर हात आपटणार होते. आणि इकडे माझ्याच घरात, माझीच मावशी, दुसरीचा फोटो घेऊन इतकी वर्षं मत देऊन आली होती!

"मग तुझ्या कार्डावर थोरली आहे?"

"चेहरा तर तोच ना. मशिनचं झाकण लागून तिच्या भुवईत एक खाच पडली होती, तेवढाच काय तो फरक. कोण बघायला बसलंय!"

"हे बघ ताई," आई हात पुसत आली. "कचेरीत विचारतील तेवढंच बोलायचं. खाच-बीच काढायची नाही. एक नाव जाऊ दे, एक राहू दे. तुझं मत राहिल्याशी मतलब."

ते राहायलाच हवं होतं. याला कारण होतं. थोरली ज्या पक्षाची, धाकटी त्याच्या नेमकी विरुद्ध. दर निवडणुकीला दोघी एकाच बसनं जायच्या, रांगेत एकीमागे एक उभ्या राहायच्या, आणि एकमेकींचं मत खोडून एकाच बसनं परत यायच्या. बाबा म्हणायचे, "दोघी घरीच बसा की. निकाल तोच लागेल, पायपीट वाचेल." त्यावर थोरली म्हणायची, "आणि ही माझ्या नकळत देऊन आली तर?"

त्यामुळे या खेपेची निवडणूक जाहीर झाली तेव्हा धाकटी जिना चढता चढताच ओरडली होती, "आता माझं मत चालणार! आजवर एकदा तरी चाललंय का? आता खोडायला कोणी नाही!" आणि मग वर येऊन पाणी प्यायली आणि बराच वेळ नुसती बसून राहिली.

*

शुक्रवारी आईला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी शाळेला दांडी मारली आणि मावशीला न्यायला धुलाईखान्यात गेले.

तिथे वाफेनं माणसं अर्धीच दिसतात. मोठमोठी यंत्रं गरगरत असतात, आणि पलीकडच्या कोरड्या खोलीत घड्या घालायचं काम चालतं. चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, टोकं धरायची, ताणायची, झटकायची, मग चालत एकमेकींजवळ यायचं, एकीनं आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची आणि खाली लोंबणारी दुमड उचलायची. मावश्यांची सगळी भांडणं या कामात व्हायची. चादरीच्या दोन टोकांना असल्या की आवाज चढायचे. "तुझा तो पुढारी चोर आहे!" "आणि तुझा?" जवळ आल्या की कुजबुज व्हायची. पुन्हा लांब गेल्या की पुन्हा आरडाओरडा. हात मात्र कधी चुकायचे नाहीत. लहानपणी मला वाटायचं, राजकारण म्हणजे चादरी झटकताना बोलायची गोष्ट.

आता मावशीसमोर एक नवी, हसऱ्या चेहऱ्याची बाई उभी होती.

"ताई, इकडून दुमडू की तिकडून?"

"तुला सोयीचं पडेल तिकडून," मावशी म्हणाली.

इतकं मऊ बोलताना मी तिला ऐकलं नव्हतं. थोरलीनं असं विचारलं असतं तर तिला चांगली झाडली असती, हाताला कळत नाही का म्हणून. मला तिथून लवकर बाहेर पडावंसं वाटलं.

*

निवडणूक कचेरीत बाकांवर ही गर्दी. प्रत्येकाच्या हातात तशीच नोटीस. एक म्हातारबुवा ज्याला त्याला सांगत होते, "माझा चेहरा म्हणे माझ्या मुलाशी जुळतो. आता माझा नाही जुळणार तर कोणाचा जुळणार?"

आमचा नंबर लागला. समोरच्या अधिकारी बाईंना जबरदस्त सर्दी झाली होती. लाल नाक, टेबलावर रुमाल, आणि समोरचा पडदा आमच्याकडे वळवलेला. त्यावर शेजारी शेजारी दोन फोटो होते.

मी बघितलं. दोन्ही थोरलीचेच. दोन्हीकडे भुवईत ती खाच. एकीचा भांग मधोमध, मान ताठ, जगाला विकत घ्यायला निघालेली. दुसरीचा भांग बाजूला, अंगात धाकटीचा स्वेटर, हनुवटी जरा आत ओढलेली, डोळे खालून वर बघणारे. अगदी धाकटी बघते तसे.

थोरली गेल्यानंतर मावशीनं तिचा फोटो घरात लावू दिला नव्हता. आता एकदम दोन समोर आले. ती पुढे वाकली.

"माझं सोंग काढलंय बघ मेलीनं," ती माझ्या कानात म्हणाली. "मी अशी बघते होय गं?"

ती अगदी तश्शीच बघत होती.

"मावशी, घाबरू नका," बाई म्हणाल्या. "अशा पुष्कळ केसेस निघाल्यात. कधी आमच्या माणसांची चूक, कधी लोकांची. शिक्षा वगैरे काही नाही. या कागदावर सही करा की नाव चुकून दोनदा लागलं. दुबार म्हणून एक कमी करते. दुसरं तसंच राहील. या निवडणुकीला आरामात मत द्या."

मला उडीच मारावीशी वाटली. इतकं सोपं! मी मावशीला कोपरानं ढोसलं. बाईंनी पेन पुढे केलं. मावशीनं ते घेतलं, कागदावर टेकवलं, आणि थांबली.

"दुबार म्हणजे?"

"म्हणजे माणूस एक, नाव दोनदा. एक खरं, एक बोगस."

मावशीनं पेन खाली ठेवलं.

"बोगस नव्हती ती."

"कोण?"

"माझी बहीण. जुळी."

"अहो, मग आधी सांगायचं! कुठे आहेत त्या?"

मावशीनं पिशवीत हात घातला. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला दाखला काढला आणि टेबलावर ठेवला. बाईंनी वाचला. त्यांचा आवाज खाली आला. "माफ करा." मग त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या. "पण मावशी, जुळ्या बहिणींच्या केसेस मी बघितल्यात. काहीतरी फरक निघतोच. तीळ, दात, काहीतरी. इथे भुवईची खूणसुद्धा दोन्हीकडे तीच. हे फोटो दोघींचे नाहीत. एकीचेच आहेत."

आईचं सगळं बजावणं माझ्या डोक्यात घणघणत होतं. मान हलव मावशी, नुसती मान हलव.

"हो," मावशी म्हणाली. "दोन्ही तीच."

"आणि तुम्ही?"

"मी चादरी घडी करत होते."

आणि तिनं सगळं सांगून टाकलं. साथ, मुकादमीण, स्वेटर, भांग. शेजारच्या टेबलावरचा कारकून लिहायचा थांबला. बाईंनी रुमाल नाकाला लावला. मला वाटलं हसतायत. हसत नव्हत्या.

"तुम्हाला ही गंमत वाटत असेल," त्या म्हणाल्या. "मागच्या निवडणुकीला माझ्या केंद्रावर एक बाई आली. लेकराला कडेवर घेऊन, लांबून चालत. तिच्या नावावर कोणीतरी आधीच मत देऊन गेलं होतं. ती मला विचारते, 'ती मी होते, तर मग मी कोण?' मी काय उत्तर देणार सांगा? म्हणून हे यंत्र, म्हणून ही कटकट. सोसतो आम्हीही."

"बरोबर आहे तुमचं," मावशी म्हणाली. "असं व्हायलाच नको कोणाचं. करा तपास. पण बाई, मी एकटी असते आणि नावं दोन असती, तर दोन्ही मतं एकालाच टाकली असती की नाही? आम्ही जन्मभर एकमेकींच्या उलट दिली. आणखी कसला पुरावा हवा? हाताला काही लागतच नाही, अशी लबाडी कोण करेल?"

कारकून फिस्सकन हसला. बाई हसता हसता शिंकल्या. "मावशी, मत गुप्त असतं! हा पुरावा नाही चालत."

"गुप्त? अख्ख्या धुलाईखान्याला माहीत होतं!"

बाकांवरचे म्हातारबुवासुद्धा हसले. मीही हसले. वाटलं, झालं, निभावलं. पण बाईंनी डोळे पुसले, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि नीट समजावून सांगितलं.

"दोन रस्ते आहेत. दुबार म्हणून सही केलीत तर काम इथेच संपलं. तुमचं नाव राहिलं, मत राहिलं. बहिणीचं नाव मयत म्हणून काढायचं म्हटलं, तर तुमच्या नावापुढचा फोटो तुमचा नाही हे मला लिहावं लागेल. मग तुमचं नाव तात्पुरतं थांबणार. नवा फोटो, घरी चौकशी, शेजाऱ्यांचे जबाब. नाव परत लागेल, माझा शब्द. पण यादी सोमवारी बंद होते. या खेपेला मत नाही मिळणार."

बाईंनी पुन्हा तो सहीचा कागद मावशीकडे सरकवला. जरा जास्तच पुढे. त्यांच्या मनातही तेच होतं, हे मला कळलं.

मी मावशीच्या कानाशी लागले. "कर ना सही. कागद तर आहे नुसता. थोरलीला आता काय फरक पडणार आहे?"

"तिला नाही पडणार," मावशी म्हणाली.

ती पडद्याकडे बघत होती. स्वेटरवाल्या थोरलीकडे.

"रांगेत ती माझ्या पुढे असायची. दर खेपेला. मत देऊन बाहेर आली की मला खिजवायची, बघ, तुझं खोडून आले. ती नव्हतीच असं लिहून देऊ? आणि मग त्या कागदावर मत द्यायला जाऊ?" तिनं मान हलवली. "अगं, इतकी वर्षं तिच्याविरुद्ध मत दिलं मी. ती नव्हतीच, तर मी कोणाविरुद्ध देत होते?"

वर पंखा कुरकुरत होता.

"मयत लिहा, बाई."

गेली, सुटली, आता नाही, असे पुष्कळ शब्द तिनं वापरले होते. दाखला घ्यायलासुद्धा आई गेली होती, कारण कचेरीच्या खिडकीपाशी उभं राहून तो एक शब्द उच्चारणं मावशीला जमलं नव्हतं. तो शब्द तिनं आता उच्चारला, आणि मला तिचा हात धरावासा वाटला. मी धरला. साबणानं आणि वाफेनं खरखरीत झालेला हात. तिनं माझा पंजा दाबला, आणि मग झटकला. "पेन घ्यायचंय मला. सोड."

बाईंनी लिहिलं. मावशीनं सही केली. मोठ्या अक्षरांत, वेळ लावून. बाईंनी स्वतः उठून आम्हाला फोटोच्या खोलीचं दार दाखवलं, आणि दारात म्हणाल्या, "चौकशीला मीच येईन घरी."

"या," मावशी म्हणाली. "आल्याचा काढा ठेवते. नाक बघा जरा तुमचं."

दुसऱ्या दिवसाबद्दल, म्हणजे शनिवारबद्दलही, इथेच सांगून टाकते. वादविवादात मी बाजू बदलली नाही. ओळख पटवायला हवी, असंच मला अजूनही वाटतं. कडेवर लेकरू घेऊन आलेली ती बाई मी भाषणात घातली, आणि तिच्याबद्दल बोलताना माझा आवाज खरंच कापला. पण ते खुनाचं वाक्य आलं तेव्हा टेबलावर हात आपटायचा राहून गेला. परीक्षकांना वाटलं, घसा बसलाय. घरी परत आले तर आई विचारते, "जिंकलीस?" आणि मावशी पलीकडून ओरडते, "बाजू कोणती होती तेवढं सांग, मग ठरवू!"

तर शुक्रवारी, ती फोटोची खोली अरुंद होती. निळा पडदा, समोर कॅमेरा, आणि पडद्यापुढे एक लाकडी बाक. फोटोवाला तरुण होता, पण कंटाळलेला. सकाळपासून माणसं बसवून बसवून त्याचा आवाज यंत्रासारखा झाला होता.

"बसा. समोर बघा. हसू नका."

मावशीनं ओल्या हातानं केस सारखे केले. तिनं भांग बाजूलाच ठेवला. मग ती बाकाच्या एका टोकाला जाऊन बसली, हात मांडीवर, हनुवटी आत.

"मावशी, मध्ये या. अर्ध्याच दिसताय."

मावशी जराशी सरकली.

"अजून."

ती आणखी सरकली. बोटभर. शेजारी आणखी एक माणूस बसेल एवढा बाकाचा भाग रिकामा होता. आपण तो सोडून बसलोय, हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं. ती कॅमेऱ्याकडे सरळ बघत होती, जन्मात पहिल्यांदाच.

"मध्ये हो, मध्ये," तो म्हणाला. मग त्यानं मान वर केली, तिच्याकडे बघितलं. तिपाई उचलली, आणि कॅमेराच बाजूला सरकवला.